वीज वाकते, सूर फुलतो

इलेक्ट्रिक गिटारची तार छेडली की पिकअपमधून बाहेर पडणारा संकेत फार क्षीण असतो. बहुतेक वेळा व्होल्टच्या काही दशांशाइतका. तेवढ्यावर कुठलाही स्पीकर हलत नाही. सभागृह दणाणून सोडणारी सगळी शक्ती भिंतीवरच्या सॉकेटमधून येते. त्या शक्तीने कधी वाहायचे, किती वाहायचे आणि कोणत्या दिशेने वाहायचे, एवढेच तार ठरवते. म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरमधून आपल्या कानावर पडते ती तारेच्या हुकमाने घडवलेली वीज असते.

हे एकदा ध्यानात आले की पुढचा प्रश्न आपोआप येतो. वीज पुरवणारा भागच वाजवणाऱ्याच्या हाताच्या जोराखाली दबत असेल तर? जोरदार कॉर्ड वाजवली की अ‍ॅम्पच्या पोटातले व्होल्टेज क्षणभर खाली येते आणि सूर विरू लागला की पुन्हा वर चढते, असे होत असेल तर त्या सुराचे काय होते?

वीजपुरवठ्याच्या पाठ्यपुस्तकात ही उणीव मानली जाते. गिटारवादक तिला सॅग म्हणतात, आणि गेली सहा-सात दशके तिच्यासाठी जुने ट्यूब अ‍ॅम्प जपत, दुरुस्त करत आणि पुन्हा पुन्हा बांधत आले आहेत. सॅगचे श्रेय बहुतेक वेळा रेक्टिफायर ट्यूब नावाच्या एकाच भागाला दिले जाते. प्रत्यक्षात ती कोणत्याही एका भागात नसते. अ‍ॅम्प किती वीज मागतो आणि पुरवठा ती किती तत्परतेने देऊ शकतो, या दोहोंच्या ओढाताणीतून ती जन्मते. ही ओढाताण नीट समजून घेतली, तर सुरावर होणारा तिचा परिणामही समजतो.

भिंतीपासून ट्यूबपर्यंत

ट्यूब म्हणजे आपल्याकडच्या जुन्या रेडिओत असायचा तो व्हॉल्व्ह. त्याला काम करायला साधारण ३०० ते ५०० व्होल्टचा एकाच दिशेने वाहणारा पुरवठा लागतो. भिंतीतून मात्र येते ती सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होणारी २३० व्होल्टची वीज. अमेरिकेत ती १२० व्होल्टची असते आणि सेकंदाला ६० वेळा उलटते. हे रूपांतर तीन टप्प्यांत होते. पॉवर ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज वर चढवतो. रेक्टिफायर विजेला एकाच दिशेने जाऊ देतो. त्यानंतरचे फिल्टर कपॅसिटर ठेचकाळत येणारा प्रवाह साठवून तो बऱ्यापैकी सपाट करतात.

रेक्टिफायर ट्यूबचा वंश थेट १९०४ सालापर्यंत जातो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातले प्राध्यापक जॉन अ‍ॅम्ब्रोज फ्लेमिंग यांनी त्या वर्षी दोन टोकांचा व्हॉल्व्ह बनवला. तापलेल्या तंतूतून, म्हणजे कॅथोडमधून, सुटलेले इलेक्ट्रॉन निर्वातातून समोरच्या धातूच्या पत्र्याकडे, म्हणजे प्लेटकडे, जातात. उलटे येऊ शकत नाहीत. पुढे याच एकदिशा वाटेचा उपयोग वीज सरळ करण्यासाठी होऊ लागला. १९५०च्या दशकातल्या अ‍ॅम्पमध्ये रेक्टिफायर ट्यूब आढळते ती त्या काळातला नेहमीचा, परवडणारा भाग म्हणून. ती सुरासाठी मुद्दाम निवडलेली नव्हती.

निर्वातातून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांची वाट फुकटची नसते. प्लेट आणि कॅथोड यांच्यामधल्या जागेत इलेक्ट्रॉनांची दाटी होते आणि मागून येणाऱ्यांना ती मागे रेटते. त्यामुळे जास्त प्रवाह हवा असेल तर ट्यूबला जास्त व्होल्टेज खर्ची घालावे लागते. ट्यूब बनवणाऱ्यांनी छापलेले आकडे हे स्पष्ट दाखवतात. ५वाय३जीटी ही ट्यूब १२५ मिलिअँपिअर प्रवाहाला सुमारे ६० व्होल्ट खाते. ५यू४जीबी ही २७५ मिलिअँपिअरला सुमारे ५० व्होल्ट घेते. जीझेड३४ मात्र २२५ मिलिअँपिअर देऊनही १७ व्होल्टच्या आसपास थांबते. सिलिकॉन डायोडचा खर्च यांच्यासमोर नगण्य, जेमतेम एक व्होल्ट.

भार वाढला की

शेतातली मोटर सुरू झाली की घरातला दिवा क्षणभर मंदावतो, हे ग्रामीण महाराष्ट्रात वाढलेल्या प्रत्येकाने पाहिले आहे. मोटर एकदम मोठा प्रवाह ओढते, त्या प्रवाहाला लांबलचक तारांमधून यावे लागते, आणि तारांचा रोध वाटेतच व्होल्टेज खातो. ट्यूब अ‍ॅम्पमध्ये मोटरच्या जागी स्पीकर चालवणाऱ्या पॉवर ट्यूब असतात. तारांच्या जागी ट्रान्सफॉर्मरची वेटोळी, रेक्टिफायर आणि घरातली वायरिंगही असते.

एक हिशेब करून पाहू. समजा, गिटार शांत असताना अ‍ॅम्पचा पुरवठा ४२० व्होल्ट आणि प्रवाह ८० मिलिअँपिअर आहे. पूर्ण जोराने वाजवल्यावर प्रवाह २०० मिलिअँपिअर होतो. पुरवठ्याचा एकूण रोध ३०० ओहम धरला, तर वाढलेले १२० मिलिअँपिअर आणखी ३६ व्होल्ट खातील आणि पुरवठा ३८४ व्होल्टवर येईल. रोध ६०० ओहम असेल तर तो ३४८ पर्यंत उतरेल. प्रत्यक्षात चित्र याहून थोडे तीव्र असते. कपॅसिटर सतत भरत नाही. विजेची लाट शिखराजवळ आली की तेवढ्यापुरताच भरतो. त्यामुळे रेक्टिफायरमधून प्रवाह छोट्या छोट्या झटक्यांत जातो आणि प्रत्येक झटका सरासरीच्या कित्येक पट मोठा असतो. व्होल्टेजचा खर्च त्या झटक्यांवर ठरतो.

या हिशेबात महत्त्वाची जागा प्रवाहातल्या वाढीची आहे. प्रवाह वाढलाच नाही तर रोध कितीही असो, व्होल्टेज जिथल्या तिथे राहील. फेंडर कंपनीच्या छोट्या चॅम्प अ‍ॅम्पमध्ये ५वाय३ हीच भरपूर व्होल्टेज खाणारी रेक्टिफायर ट्यूब आहे. पण त्यात पॉवर ट्यूब एकच, ६व्ही६, आणि ती ए वर्गात चालते: शांत असतानाही ती जवळजवळ तेवढाच सरासरी प्रवाह ओढते जेवढा वाजताना. म्हणून अशी रेक्टिफायर असूनही चॅम्पमध्ये पुरवठा फारसा हलत नाही. याउलट दोन किंवा चार पॉवर ट्यूब आळीपाळीने काम करतात त्या एबी वर्गाच्या अ‍ॅम्पमध्ये शांततेतला प्रवाह कमी आणि जोराचा प्रवाह बराच जास्त असतो. तिथे पुरवठ्याची खरी परीक्षा होते. रेक्टिफायर ट्यूब आहे म्हणजे सॅग असणारच, हा समज इथेच मोडतो.

ट्वीड डिलक्सच्या पोटात

कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन इथे लिओ फेंडर यांच्या कारखान्यात १९५५ ते १९६० या काळात बनलेला ५ई३ डिलक्स हा या विषयाचा सर्वांत बोलका नमुना आहे. दोन ६व्ही६ पॉवर ट्यूब, एक ५वाय३ रेक्टिफायर, बारा इंची एक स्पीकर आणि साधारण १५ वॅटच्या आतबाहेरची ताकद. पेटीवर ट्वीडचे पिवळसर कापड. नील यंग यांच्या आवाजाशी या अ‍ॅम्पचे नाव कायमचे जोडले गेले आहे. ते १९५९ सालचा डिलक्स अनेक दशके वाजवत आले आहेत.

या अ‍ॅम्पची मांडणी साधी आहे, म्हणून त्यात काय घडते ते टप्प्याटप्प्याने सांगता येते. त्यात १६ मायक्रोफॅरडचे तीन फिल्टर कपॅसिटर आहेत. पहिल्यावरून पॉवर ट्यूबच्या प्लेटना वीज मिळते. तिथून ५,००० ओहमच्या रोधातून पलीकडे दुसरा कपॅसिटर, आणि त्यावरून पॉवर ट्यूबच्या स्क्रीन ग्रिडना, म्हणजे प्लेटच्या अलीकडच्या जाळ्यांना. मग २२,००० ओहममधून तिसरा, आणि त्यावरून सुरुवातीच्या प्रीअ‍ॅम्प ट्यूबना. प्रत्येक टप्पा आपापल्या गतीने रिकामा होतो आणि आपापल्या गतीने भरतो. ती गती रोध आणि कपॅसिटर यांच्या गुणाकारावरून कळते: दुसऱ्या टप्प्याचा काळ सुमारे ८० मिलिसेकंद, तिसऱ्याचा सुमारे ३५० मिलिसेकंद. पहिला टप्पा याहून कितीतरी चपळ, काही मिलिसेकंदांत हलणारा.

आता तारेवर जोरात प्रहार झाला असे समजा. पहिल्या काही मिलिसेकंदांत प्लेटचे व्होल्टेज घसरते. पण ६व्ही६ सारख्या ट्यूबमधून किती प्रवाह जाईल हे प्लेटच्या व्होल्टेजवर फारसे अवलंबून नसते. ते मुख्यतः स्क्रीनच्या व्होल्टेजवर ठरते. आणि स्क्रीनचा कपॅसिटर अजून भरलेला असतो. त्यामुळे प्रहाराची पहिली धार जवळजवळ पूर्ण ताकदीने बाहेर पडते.

त्यानंतर दुसरा टप्पा वाकू लागतो. ट्यूब जोरात चालवल्या की स्क्रीन नेहमीपेक्षा कितीतरी जास्त प्रवाह ओढतात. ५,००० ओहममधून स्क्रीनचा प्रवाह फक्त ५ मिलिअँपिअरने वाढला तरी तिथे २५ व्होल्ट गळून पडतात. स्क्रीनचे व्होल्टेज असे उतरले की ट्यूबची वर्धनक्षमता कमी होते, म्हणजे सूर थोडा मागे सरकतो. शंभरेक मिलिसेकंदांत हे सगळे घडते, आणि हा काळ सुराची सुरुवात कशी झाली हे कानाला कळायला पुरेसा असतो.

मग तार स्वतःच विरू लागते. तिची मागणी घटते, कपॅसिटर पुन्हा भरू लागतात, स्क्रीनचे व्होल्टेज वर येते आणि ट्यूबची वर्धनक्षमता परत येते. तारेचा आवाज कमी होत असतानाच अ‍ॅम्पची ताकद वाढत असते. दोन विरुद्ध गती एकमेकींना सावरतात, म्हणून सूर अपेक्षेपेक्षा जास्त वेळ टिकतो आणि मध्येच थोडा उमलल्यासारखा वाटतो. गिटारवादक ब्लूम म्हणतात तो हाच परिणाम.

डिलक्समध्ये याला आणखी एका गोष्टीची जोड आहे. दोन्ही पॉवर ट्यूबचे कॅथोड एकाच २५० ओहमच्या रोधातून जमिनीला जोडलेले आहेत आणि त्याच्या शेजारी २५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे. ट्यूबचा सरासरी प्रवाह वाढला की या रोधावरचे व्होल्टेज वाढते आणि ट्यूब स्वतःलाच थोडी आवरते. पुरवठा वरून खाली येतो, कॅथोड खालून वर सरकतो, आणि दोघांच्या मध्ये सुराला मिळणारी जागा आकसते. त्यामुळे दाबला गेलेला सूर कडक न होता मऊ राहतो.

आकडे लहान, परिणाम मोठा

पुरवठा ४२० वरून ३८४ व्होल्टवर आला, तर अ‍ॅम्पला देता येणारी कमाल शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. ती सुमारे १६ टक्के कमी होते. डेसिबलमध्ये मांडले तर ही घट एक डेसिबलपेक्षाही कमी आहे. ३४८ पर्यंत उतरला तरी जवळपास दीड डेसिबल. एवढा फरक रोजच्या ऐकण्यात सहज निसटून जाईल. मग वादक त्याबद्दल एवढे का बोलतात?

याचे पहिले कारण असे की हा फरक एकाच पातळीवर स्थिर राहत नाही. प्रत्येक सुराबरोबर तो खालीवर होतो, आणि कान स्थिर पातळीपेक्षा बदलाकडे अधिक लक्ष देतो. दुसरे, गिटारचा अ‍ॅम्प बहुधा आपल्या मर्यादेच्या टोकावर वाजवला जातो. टोकावर असताना पुरवठा दहा टक्के घसरला की सूर कधी आणि किती फाटेल याची रेषाच सरकते. स्वच्छ राहिली असती ती कॉर्ड थोडी खरखरीत होते, आणि खरखर सुरुवातीला जास्त, मग कमी अशी बदलत जाते. नुसता आवाज कमी करून हा पोत मिळत नाही.

तिसरे कारण वाजवणाऱ्याच्या बोटांत आहे. श्रोत्याला फक्त आवाज कळतो. वादकाला आपण किती जोर लावला आणि त्याच्या बदल्यात काय परत आले, या दोहोंचे नाते कळते. सॅग असलेला अ‍ॅम्प जोराला थोडे कमी उत्तर देतो आणि हळुवारपणाला थोडे जास्त. त्यामुळे प्रहार हलका ठेवून किंवा गिटारवरची आवाजाची कळ थोडी मागे घेऊन वादकाला स्वच्छ आणि भरड यांच्यामध्ये पाहिजे तिथे उभे राहता येते. मुरलेले ब्लूज वादक एका गाण्यात एकही पेडल न दाबता हे करतात, कारण त्यांचा अ‍ॅम्प त्यांच्या हाताकडे लक्ष देत असतो.

इथे एक भेद करायला हवा. ट्यूब अ‍ॅम्पच्या आवाजातला सगळा दाब सॅगमधून येत नाही. पॉवर ट्यूब मर्यादेवर पोहोचून लाटेची टोके सपाट करतात, आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा गाभा खालच्या सुरांवर थकतो, स्पीकरचा पडदाही जोराखाली अडतो. हे सगळे एकाच वेळी कानावर येते. सॅग ओळखायची असेल तर काळाकडे लक्ष द्यावे. टोके सपाट होणे लाटेगणिक, त्याच क्षणी घडते. सॅगला काही मिलिसेकंद ते काही दशांश सेकंद लागतात आणि ती सावकाश सोडते.

भूतस्वर

पुरवठा घसरतो तेव्हा आणखी एक गोष्ट होते आणि ती नेहमीच गोड नसते. कपॅसिटर दोन झटक्यांच्या मध्ये रिकामा होत असतो. अमेरिकेत हे झटके सेकंदाला १२० येतात, म्हणजे दोघांत सुमारे ८.३ मिलिसेकंदांचे अंतर. १६ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून १०० मिलिअँपिअर ओढले तर तेवढ्या वेळात ढोबळमानाने ५० व्होल्ट कमी होऊ शकतात. पुरवठा नुसता खाली येत नाही. खाली येऊन थरथरू लागतो.

जोडीने काम करणाऱ्या पॉवर ट्यूबमध्ये ही थरथर शांततेत बरीचशी एकमेकींना छेद देऊन नाहीशी होते. पण सूर वाजत असताना ती त्या सुराच्या ताकदीलाच सेकंदाला १२० वेळा खालीवर करते. त्यातून मूळ सुराच्या दोन्ही बाजूंना नवे सूर तयार होतात. ४४० हर्ट्झचा सूर वाजवला तर ३२० आणि ५६० हर्ट्झचे सूर सोबत येतात. या सुरांचे मूळ सुराशी संगीतातले कुठलेही नाते नसते. तार ओढून सूर वर नेला की हे सोबतीही तेवढेच हर्ट्झ वर सरकतात, पण त्यांचे अंतर सुरेल राहत नाही. गिटारवादक त्यांना भूतस्वर म्हणतात.

आणि हे भूतस्वर देशागणिक बदलतात. तोच अ‍ॅम्प पुण्यात वाजवला तर आपल्या ५० सायकलच्या विजेमुळे थरथर सेकंदाला १०० होते. ४४० च्या सुराबरोबर मग ३४० आणि ५४० येतात. झटक्यांमधले अंतरही १० मिलिसेकंद होते, म्हणजे कपॅसिटरला रिकामे व्हायला थोडा अधिक वेळ मिळतो. अमेरिकी अ‍ॅम्प इथे चालवायला व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लावावा लागतो, आणि त्याच्या वेटोळ्यांचा रोधही पुरवठ्याच्या साखळीत जमा होतो. कोणत्या गावच्या विजेवर अ‍ॅम्प चालतो हेही अशा रीतीने त्याच्या आवाजात उतरते.

भूतस्वर कमी करायचे तर कपॅसिटर मोठे करावे लागतात. ते मोठे केले की सॅगही आखडते आणि मंदावते. डिलक्सच्या काळातल्या लहान कपॅसिटरांमध्ये गोडवा आणि हे अनाहूत सूर दोन्ही एकाच गाठोड्यात येतात.

ताठ पुरवठ्याकडे

त्या काळचे अभियंते सॅगच्या मागे लागले नव्हते. ते तिच्यापासून दूर जायला धडपडत होते. फेंडरच्याच बॅसमन अ‍ॅम्पचा इतिहास त्याची साक्ष आहे. १९५०च्या दशकात त्याच्या एका आवृत्तीत दोन ५यू४ रेक्टिफायर ट्यूब एकत्र बसवल्या होत्या. पुढच्या आवृत्तीत व्होल्टेज फार न खाणारी पाऱ्याच्या वाफेची ८३ क्रमांकाची ट्यूब आली. १९५८ ते १९६० दरम्यानच्या प्रसिद्ध ५एफ६-ए आवृत्तीत जीझेड३४. प्रत्येक पाऊल अधिक ताठ पुरवठ्याकडे होते, कारण बेस गिटारच्या खालच्या सुरांना खूप वीज लागते आणि फेंडरच्या त्या काळातल्या ग्राहकांना, विशेषतः कंट्री आणि वेस्टर्न वाजवणाऱ्यांना, आवाज स्वच्छ हवा होता.

लंडनच्या हॅनवेल भागातल्या जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२ च्या सुमारास या बॅसमनच्या आराखड्यावरून जेटीएम४५ तयार झाला, आणि त्यातही जीझेड३४ होती. दरम्यान सिलिकॉन डायोड स्वस्त झाले. फेंडरने १९६३ साली आणलेल्या ८५ वॅटच्या ट्विन रिव्हर्बमध्ये डायोडच बसवले; त्याच पिढीतल्या लहान डिलक्स रिव्हर्बमध्ये मात्र जीझेड३४ ठेवली. द हू या बँडचे पीट टाऊनशेंड यांना अधिक मोठा आवाज हवा होता. त्यांच्या मागणीतून मार्शलचे १०० वॅटचे अ‍ॅम्प आकाराला आले, आणि त्यांतही सिलिकॉनने काम सुरू केले. १९६९ चा अँपेग एसव्हीटी ३०० वॅटचा होता. बेससाठी बनवलेल्या त्या राक्षसाला पुरवठ्यात ढिलाई परवडणारी नव्हती.

ताठ पुरवठ्याचेही सौंदर्य आहे. तळहाताने तारा दाबून वेगाने वाजवलेली मेटलची धून घ्या. प्रत्येक ठोका आधीच्यापासून सुटा ऐकू यायला हवा. पुरवठा पहिल्या ठोक्यानंतर ३५० मिलिसेकंद सावरत बसला तर मधले चार ठोके त्याच्या चिखलात रुततात. अशा संगीतासाठी डायोड आणि मोठे कपॅसिटरच योग्य. कॅलिफोर्नियातल्या मेसा बूगी कंपनीने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ड्युअल रेक्टिफायर हा अ‍ॅम्प काढला. त्यात वादकाला एका स्विचने डायोड किंवा ट्यूब रेक्टिफायर निवडता येतो. शिवाय संपूर्ण अ‍ॅम्पचे व्होल्टेज थोडे उतरवणारा वेगळा स्विचही आहे. सॅग ही निवड आहे, हे या अ‍ॅम्पने उघडपणे मान्य केले.

दोन गोष्टी, एक नाव

इथे एका गोंधळाचा निकाल लावायला हवा. एडी व्हॅन हेलन आपला मार्शल अ‍ॅम्प व्हेरिअ‍ॅक या बदलत्या ट्रान्सफॉर्मरवर सुमारे ९० व्होल्टला चालवत असत, आणि १९७८ साली आलेल्या पहिल्या व्हॅन हेलन अल्बमच्या आवाजामागचे हे एक कारण समजले जाते. अनेक जण या युक्तीलाही सॅग म्हणतात. पण कमी व्होल्टेज आणि घसरणारे व्होल्टेज या वेगळ्या गोष्टी आहेत. व्हेरिअ‍ॅकने व्होल्टेज कायमचे खाली आणले जाते, प्रहाराआधीही आणि नंतरही. त्यामुळे अ‍ॅम्प लवकर फाटतो आणि त्याची कमाल ताकद उतरते, पण पुरवठा हाताबरोबर हलतो तो पूर्वीइतकाच. सॅगमध्ये मात्र बदल प्रहारागणिक होतो.

दुसरा गोंधळ भाग बदलण्याचा. जीझेड३४ काढून ५यू४ लावली की अ‍ॅम्प मऊ होतो, हा सल्ला सर्रास दिला जातो. असे केल्याने शांततेतले व्होल्टेजही उतरते. मग ट्यूबची विश्रांतीची स्थिती बदलते, आणि ऐकू येणारा फरक सॅगमुळे की त्या नव्या स्थितीमुळे हे सांगणे कठीण होते. शिवाय ५यू४ चा हीटर ५ व्होल्टला ३ अँपिअर ओढतो आणि जीझेड३४ चा १.९; ट्रान्सफॉर्मर तेवढ्या भाराचा नसेल तर तो तापतो. प्रत्येक रेक्टिफायर ट्यूबला पहिला कपॅसिटर किती मोठा चालेल याचीही मर्यादा असते. जीझेड३४ साठी ती ६० मायक्रोफॅरड आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे: अ‍ॅम्पचा प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरांमध्ये जीवघेणे व्होल्टेज साठून राहू शकते. हे काम ट्यूब अ‍ॅम्प दुरुस्त करण्याचा अनुभव असलेल्या माणसाकडेच द्यावे.

ट्यूब नसलेल्या अ‍ॅम्पनाही आता सॅग सोडवत नाही. संगणकी आज्ञावलीने जुन्या अ‍ॅम्पचे वागणे उभे करणाऱ्या यंत्रांमध्ये, उदाहरणार्थ फ्रॅक्टल ऑडिओच्या अ‍ॅक्स-एफएक्समध्ये किंवा लाइन ६ च्या हेलिक्समध्ये, सॅगसाठी स्वतंत्र कळ असते. हेलिक्समध्ये तर पुरवठ्याच्या थरथरीसाठीही वेगळी कळ आहे. ज्या यंत्रात ना ट्यूब ना ट्रान्सफॉर्मर, त्यातही पुरवठ्याच्या अशक्तपणाचा हिशेब मांडावा लागतो, कारण तो वगळला की बाकी सगळे बरोबर असूनही वादकाच्या बोटांना अ‍ॅम्प परका वाटतो.

वाद्य आणि वाहक

घरातला संगीत ऐकण्याचा अ‍ॅम्प्लिफायर आणि गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर दिसायला सारखे असले तरी त्यांची कामे वेगळी. पहिल्याला तयार संगीत मिळते आणि त्यात काहीही न मिसळता ते आपल्यापर्यंत पोचवायचे असते. त्याचा पुरवठा घसरला तर तबल्याच्या प्रत्येक ठोक्याबरोबर गाणाऱ्याचा आवाजही खाली बसेल, आणि ती खरोखरच उणीव ठरेल. गिटारच्या अ‍ॅम्पपाशी मात्र संगीत अजून पूर्ण झालेले नसते. त्याचा अर्धा भाग तिथेच घडायचा असतो. सतारीचा भोपळा तारेला जसे उत्तर देतो तसे इथे पुरवठ्याने प्रहाराला दिलेले उत्तर वाद्याच्या अंगात मोजले जाते. म्हणून सॅगचा निवाडा पाठ्यपुस्तक आणि वादक वेगवेगळा करतात आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात.

यातून निवड करणे सोपे होते. सुटे, वेगवान, खालचे सूर वाजवायचे असतील तर ताठ पुरवठा घ्यावा. संथ, गाणारा, हाताच्या जोरावर रंग बदलणारा सूर हवा असेल तर पुरवठ्याला थोडे वाकू द्यावे. अ‍ॅम्प विकत घेताना त्यात रेक्टिफायर ट्यूब आहे का एवढेच विचारू नये. अ‍ॅम्पचा आवाज स्वच्छ आणि फाटका यांच्या सीमेवर न्यावा, एकच कॉर्ड पूर्ण जोराने वाजवून तिला विरू द्यावे, मग तीच कॉर्ड अर्ध्या जोराने वाजवावी. पहिली कॉर्ड सुरुवातीला किंचित दबून मग मोकळी झाली, आणि दुसरी त्या दबावाशिवाय आली, तर पुरवठा हाताबरोबर चालतो आहे. तुमच्या संगीताला तशी चाल हवी आहे का, एवढेच ठरवायचे उरते, आणि ते ठरवायला कोणत्याही आकड्यापेक्षा तुमचाच हात अधिक भरवशाचा.